माळवदाखालचा सर्व्हर

घरचा सर्व्हर कुठे ठेवायचा, हा सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वैरागमध्ये संगणकाच्या आधी उन्हाचा प्रश्न असतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन मिनिटं उभं राहवत नाही, तिथं हार्ड डिस्क दिवसरात्र फिरत ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य आपल्या हातानं कमी करणं. वैरागच्या जुन्या वस्तीत अजून माळवदाची घरं आहेत. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. बाहेर रस्ता तापलेला असताना या घरांच्या मधल्या खोलीत सावलीसारखा गारवा असतो. आमचा सर्व्हर अशाच खोलीत, ज्वारीच्या कणगीपासून चार हात लांब, उघड्या मांडणीवर ठेवलेला आहे. कोनाडा दिसायला सोयीचा होता, पण कोनाड्यात हवा खेळत नाही आणि आतली गरमी तिथेच कोंडते. माळवदाची एक खोड मात्र सांभाळावी लागते, वरून बारीक माती झरत राहते. त्यामुळे सर्व्हरच्या वर वीतभर अंतर सोडून प्लायचा तुकडा आडवा बसवला आहे, आणि सुगीच्या दिवसांत, गावभर भुसा उडत असतो तेव्हा, आतला पंखा ब्रशने साफ करायचा हे ठरलेलं काम आहे.

सर्व्हर हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारतीतली कपाटं येतात. प्रत्यक्षात जो संगणक सतत चालू राहतो आणि दुसऱ्या उपकरणांनी मागितलेली वस्तू त्यांना देतो, तो सर्व्हर. कार्यालयांतून निघालेले, पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप जुन्या बाजारात मिळतात, तेवढं यंत्र घराला पुरतं. घरातल्या चौघांचे फोन वायफायवरून त्याच्याकडे फोटो पाठवतात, टीव्ही त्याच्याकडून व्हिडिओ मागतो, कागदपत्रांची स्कॅन केलेली प्रत त्याच्यावर शोधता येते. एवढंच त्याचं काम.

मग हे सगळं आयतं, फुकट किंवा थोड्या पैशांत देणाऱ्या कंपन्या असताना घरात यंत्र कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर द्यायला मला ऑर्कुट हे जुनं समाजमाध्यम आठवतं. २००४ नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांचं सगळं जग ऑर्कुटवर होतं. गावांच्या नावाच्या, तालुक्यांच्या नावाच्या, कवितांच्या, गडकिल्ल्यांच्या शेकडो मराठी कम्युनिटी तिथे होत्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. मालकाने बंद केलं, आधी सूचना दिली, आपापलं सामान काढून न्यायला मुदत दिली. त्यात बेकायदा काही नव्हतं. पण ज्यांनी लिहिलं त्यातल्या बहुतेकांनी काहीही काढून नेलं नाही आणि ते लेखन गेलं. त्याच्या उलट मायबोली. १९९६ साली परदेशातल्या मराठी माणसाने स्वतःच्या हिमतीवर चालू केलेलं ते संकेतस्थळ आजही उभं आहे, आणि तिथलं जुनं लेखन आजही वाचता येतं. दोन्हींत फरक पैशांचा नव्हता, यंत्रं तर ऑर्कुटचीच मोठी होती. फरक एवढाच की मायबोली चालवणाऱ्याला ती चालू राहावी असं वाटत होतं.

फोटोंच्या बाबतीत हाच अनुभव सगळ्यांनी घेतला. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद फुकट जागा देणं थांबवलं आणि १५ जीबीच्या पुढे पैसे लागू झाले. आमच्या गल्लीत त्या काळात लोक जागा करण्यासाठी फोटो पुसत बसायचे. आधी गुड मॉर्निंगची फुलं पुसली जायची, मग व्हिडिओ, आणि मग घाईत बारशाचे, साखरपुड्याचे, गेलेल्या माणसांचे. जागा महाग झाली की माणूस आपल्याच आठवणींची छाटणी करतो, हे मला पटत नाही. आमच्या घरी सर्व्हर आला तो त्यामुळे.

आता यंत्राकडे वळू. पहिला हिशेब विजेचा. माळ्यावरचा जुना मोठा डेस्कटॉप साधारण ६० वॉट खातो असं धरा. चोवीस तास, तीस दिवस चालवला की महिन्याला ४३ युनिट होतात. छोटा ऑफिस डेस्कटॉप कामाविना बसलेला असताना १०-१२ वॉटवर राहतो, म्हणजे महिन्याला सात ते नऊ युनिट. जुनं यंत्र फुकट मिळतं म्हणून जो आनंद होतो, तो वर्षभराच्या बिलात निघून जातो. माळ्यावरचा डेस्कटॉप शिकण्यासाठी उत्तम आहे, महिनाभर त्यावर हात बसवावा; पण कायम चालवायचं यंत्र कमी खाणारंच हवं.

जुनं यंत्र आणलं की आधी उघडायचं. धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल बदलायचा, नाहीतर वीज गेली की घड्याळ मागे जातं आणि तारखा चुकल्या की फोटोंचा सगळा क्रम विस्कटतो. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती वाचून दाखवणारा एक आदेश आहे. त्यात किती तास चालली, खराब झालेल्या किती जागा तिने बदलून घेतल्या, तापमान किती गेलं, सगळं येतं. बदललेल्या जागांचा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर दुकानदार कितीही चांगली म्हणो, ती डिस्क घेऊ नये.

असं तपासलेल्या यंत्रावर डेबियन बसवलं. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये सुरू केलेली ही लिनक्सची शाखा आज जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. ती फुकट आहे हा मोठा गुण आहेच, पण माझ्या लेखी त्याहून मोठा गुण म्हणजे ती उगाच बदलत नाही. दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात मुख्यतः सुरक्षिततेच्या दुरुस्त्या. ज्याला शेती, नोकरी, घर सांभाळून सर्व्हर चालवायचा आहे त्याला असं शांत सॉफ्टवेअर हवं असतं.

फोटोंसाठी इमिच नावाचं सॉफ्टवेअर आहे. अ‍ॅलेक्स ट्रॅन या प्रोग्रामरने २०२२ च्या सुमारास घरच्याच फोटोंसाठी ते लिहायला घेतलं आणि पाहता पाहता जगभर पसरलं. फोनवर त्याचं अ‍ॅप टाकलं की घरी आल्यावर फोटो आपोआप सर्व्हरवर उतरतात. चेहरे ओळखून ते माणसांचे गट करतं, आणि हे ओळखणं घरातल्या घरात होतं, कोणाचाही चेहरा बाहेर जात नाही. जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करून टाकले तेव्हा लग्नाच्या फोटोतली मंडळी त्याने पुढच्या तीस वर्षांतल्या फोटोंशी जुळवून दाखवली. काही ठिकाणी दोन चुलतभावांना एकच माणूस समजलं. आई चष्मा लावून शेजारी बसली आणि एकेक चेहऱ्याला नाव देत गेली. “ही तुझी थोरली आत्या. आन् ह्यो तिचा दीर, मुंबईला गिरणीत हुता.” त्यातली कितीतरी नावं मी कधी ऐकलीही नव्हती. फोटो जपायला म्हणून बसलो आणि नात्यांची वही तयार झाली.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते कागदपत्रांचं काम. शेतकऱ्याच्या घरात कागदांची एक पेटी असतेच. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराच्या नकला, सोसायटीच्या पावत्या, विहिरीच्या कर्जाचे कागद. यातला एखादा वेळेला हवा असला की अख्खी पेटी जमिनीवर येते. पेपरलेस नावाचं सॉफ्टवेअर स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरं वाचून ठेवतं, मग गट नंबर किंवा आडनाव टाकून शोधता येतं. वाचण्याचं काम करतं टेसरॅक्ट नावाचं इंजिन. ते मुळात एचपी कंपनीत १९८५ च्या पुढे तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याला मराठी येतं, फक्त मराठीची भाषा-फाइल वेगळी बसवावी लागते आणि सेटिंगमध्ये मराठी-इंग्रजी दोन्ही सांगावं लागतं, कारण आपल्या कागदांत दोन्ही मिसळलेलं असतं. छापील सातबारा ते चांगला वाचतं. जुन्या टंकलेखन यंत्रावरचं खरेदीखतही बऱ्यापैकी निघतं. शिक्का नेमका अक्षरांवर उमटला असेल तिथे ते अडखळतं, रफार पुष्कळदा पुढच्या-मागच्या अक्षरावर टाकतं. तलाठ्याच्या हातचं लिखाण त्याला झेपत नाही आणि मोडी तर अजिबातच नाही. आमच्या पेटीत मोडीतले दस्त आहेत. त्यांचं स्कॅन ठेवलं, जाणकाराकडून वाचून घेतलं आणि प्रत्येकाला दोन ओळींचं वर्णन हाताने लिहिलं. आता ‘पाणंद’ असं शोधलं तरी तो दस्त समोर येतो. स्कॅन ही सोय आहे, मूळ कागद मात्र पेटीतच नीट ठेवायचा, कोर्टात आणि कचेरीत तोच लागतो.

वीज जाणं हा आमच्याकडचा नेहमीचा विषय. इथे घरोघरी असलेला इन्व्हर्टर कामाला येतो. १२ व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे धरले आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा केला, तरी सर्व्हर आणि राउटर मिळून २५ वॉटचा भार रात्रभर निघतो. फक्त इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ बाजूला हवं, नाहीतर वीज गेल्यावर तो बॅटरीवर येईपर्यंतच्या क्षणात सर्व्हर बंद पडतो. बॅटरी किती उरली हे साधा इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही. त्यावर एक तोड आहे. इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेल्या सॉकेटला एक स्वस्त वायफाय प्लग लावून ठेवायचा आणि सर्व्हरने दर मिनिटाला त्याला हाक मारायची. हाकेला ओ आली नाही म्हणजे वीज गेली. सलग तीन तास ओ आली नाही की सर्व्हर फाइली मिटवून शिस्तीत बंद होतो. मग वीज आली की आई बटण दाबते. वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की मात्र मी कसलीही हुशारी करत नाही. प्लग काढून ठेवतो. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण महावितरणच्या तारेतून येते. घराचं अर्थिंग नीट नसेल तर सर्व्हरच्या आधी त्यावर खर्च करावा.

इंटरनेटची गोष्ट वेगळी. रस्त्याच्या कामात कुठेतरी जेसीबीने केबल उचकटली की गावातल्या निम्म्या घरांचं नेट जातं. अशाच एका संध्याकाळी सुटीला आलेला भाचा टीव्हीवर सर्व्हरवरच्या जेलीफिन या सॉफ्टवेअरमधून आजोबांच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावून बसला होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं. “मामा, नेट तर गेलंय, मग हे कसं काय चालायलंय?” म्हटलं, नेट गावाबाहेर गेलंय, घरातलं वायफाय कुठं गेलंय? शहरात घरचा सर्व्हर हा छंद असू शकतो. जिथे नेट बेभरवशाचं आहे, तिथे त्याची गरज जास्त आहे, हे त्या पोराला माझ्या कुठल्याही व्याख्यानाशिवाय कळलं.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं म्हटलं की अडचण येते. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची संख्या सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिकसाठीचा त्यांचा नेहमीचा साठा एप्रिल २०११ मध्येच संपला. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर आपला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर आपण त्या गर्दीत आहोत. तिथे बाहेरून कोणाला थेट आत येता येत नाही. पैसे भरून स्वतंत्र पत्ता मिळतो, पण माझं मत त्याच्या विरोधात आहे. घराचं दार जगाकडे उघडायचंच कशाला? त्याऐवजी दुसरी वाट आहे. वायरगार्ड ही दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद मार्ग बांधण्याची पद्धत जेसन डोननफेल्ड याने बनवली आणि मार्च २०२० मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्यावर आधारलेलं टेलस्केल फोनवर आणि सर्व्हरवर टाकलं की दोघं आतून बाहेर हात करून एकमेकांना गाठतात, मधला मार्ग कुलूपबंद राहतो आणि राउटरचं एकही दार उघडावं लागत नाही. पुण्याहून बहीण असेच घरचे फोटो बघते.

दार उघडं ठेवल्याने काय होतं हे जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. क्यूनॅप कंपनीची घरगुती साठवण यंत्रं ज्यांनी इंटरनेटला थेट जोडून ठेवली होती, त्यांच्यातल्या हजारोंवर डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने हल्ला केला. फाइलींना कुलूप आणि चावीसाठी ०.०३ बिटकॉइनची मागणी. त्यात मुरलेले, जाणते वापरणारेही होते. ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती त्यांनी यंत्र पुसून पुन्हा भरलं, बाकीच्यांनी पैसे दिले किंवा फोटो सोडले.

म्हणून बॅकअप. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सगळीकडे मानला जातो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. एकाच यंत्रात दोन डिस्क जोडून एकीचं प्रतिबिंब दुसरीत ठेवणं हा बॅकअप नव्हे. फाइल चुकून पुसली तर ती त्याच क्षणी दोन्हीकडून पुसली जाते, आणि चोर यंत्रच उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्क घेऊन जातो. आमची दुसरी प्रत कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, तिसरी पुण्याला बहिणीच्या घरी. ५०० जीबी नेटवरून पाठवायचं म्हटलं तर २० एमबीपीएसच्या अपलोडला सलग दोन दिवसांहून जास्त लागतात. त्यापेक्षा पहिली पूर्ण प्रत डिस्कवर काढून एसटीने पुण्याला नेली, आणि आता रोज रात्री फक्त त्या दिवसाची भर तिकडे जाते, तीही कुलूपबंद होऊन. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. अधूनमधून तिकडून एखादा फोटो, एखादा दस्त परत मागवून उघडून पाहायचा. परत न येणारा बॅकअप हा बॅकअपच नव्हे.

सगळंच घरी आणायचा मोहही आवरावा. ईमेल घरून चालवू नये. घरगुती जोडणीवरून गेलेलं पत्र मोठ्या कंपन्या संशयाने बघतात, ते कचरा-पेटीत पडतं, आणि बँकेचा किंवा शाळेचा महत्त्वाचा निरोप चुकला तर त्याची किंमत फार मोठी. बँकेचे व्यवहार, सरकारी लॉगिन, ईमेल हे जिथे आहे तिथेच असू द्यावं.

आणि आता ज्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट. शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले, ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या जिल्ह्यात घडली. पण कोड स्कॅन केला की फोन कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरकडे धावतो, आणि नेट नसेल तर मुलापुढे नुसतं चाक फिरत राहतं. तोच मजकूर वर्गाच्या मांडणीवरच्या छोट्या यंत्रात असेल तर नेटची गरजच राहत नाही. किविक्स हे सॉफ्टवेअर अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये बांधून देतं. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यात आहे, आणि त्याचा परवाना अशा वाटपाला मोकळीक देतो. तेलंगणात ‘स्वेच्छा’ या संघटनेने फ्रीडमबॉक्स हे छोट्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरून गावांत वायफाय आणि स्थानिक मजकूर पोचवण्याचं काम केलेलं आहे. कोलंबिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका भाषणात घराघरांतल्या छोट्या सर्व्हरची कल्पना मांडली, त्यातून फ्रीडमबॉक्स उभा राहिला. तेलंगणाची हद्द आपल्यापासून काही फार लांब नाही. वैराग, पानगाव, गौडगावच्या शाळांत हे होण्यासाठी लागतं ते एक छोटं यंत्र, एक राउटर आणि गावातलाच एक सांभाळणारा माणूस.

सांभाळणारा माणूस हीच खरी अडचण आहे. यंत्रं मिळतात. पण जो बसवतो त्याच्या डोक्यातच सगळं राहतं, आणि तो आजारी पडला, बदली होऊन गेला की मांडणीवर एक मुकं खोकं उरतं. सहकारी संस्थेचं दप्तर एकाच माणसाच्या घरी राहिलं की काय होतं हे आपल्या भागाला सांगायला नको. आमच्या सर्व्हरच्या शेजारी एक दोनशे पानी वही आहे. कुठली वायर कुठे जाते, बंद-चालू कसं करायचं, फोटो डिस्कवर कुठे आहेत आणि हे सगळं बंद करायचं झालं तर ते साध्या फोल्डरमध्ये कसे काढायचे, हे मराठीत, भाच्याला कळेल अशा भाषेत लिहिलं आहे. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, दागिन्यांच्या डब्यात. मी नसताना घरच्यांना फोटो मिळालेच पाहिजेत, सर्व्हर चालला नाही तरी हरकत नाही.

दिवाळीची आवराआवर काढताना माळ्यावरचा जुना संगणक खाली येईल आणि भंगारवाल्याचा आवाजही ऐकू येईल. त्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून कोणा जाणत्याकडून तपासून घ्या, तिच्यावरचे फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि मगच ती पूर्ण पुसून भंगारात द्या. सर्व्हर पाडव्यानंतर बसवला तरी चालेल.